अर्धा मिलिमीटर लाकूड

हॉस्पिटलची गाडी चार वाजता येणार होती, आणि साडेबारा वाजले तरी खालच्या खोलीतून एकच व्हायोलिन बाहेर आलं होतं. तेही बाबांनी जेवणाच्या टेबलावर पाच मिनिटं ठेवलं, उन्हाची तिरीप त्याच्याकडे सरकतेय असं पाहिलं, आणि उचलून पुन्हा आत नेऊन खुंटीला अडकवलं.

थोरला दाराशी टेप घेऊन उभा होता. पलंगाला साडेसहा फूट, वॉकर वळवायला तीन. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या दोन डोळ्यांमधलं अंतर मोजणाऱ्या माणसाला हे मोजमाप अवघड नव्हतं. अवघड होतं ते बाबांशी बोलणं.

“बाबा, अकरा व्हायोलिनं आणि एक चेलो. एक बाहेर, एक आत असं चाललं तर आई दारात येईल आणि आपण आहोत तिथेच असू.”

“मी नाही कुठे म्हणतोय? जरा विचार करू दे.”

“तीन आठवडे झाले विचार करताय.”

तीन आठवड्यांपूर्वी आई जिन्यावरून घसरली होती. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि डॉक्टरांनी निक्षून सांगितलं की सहा महिने जिन्याचं नाव काढायचं नाही. नवराबायकोची झोपायची खोली वर, चौदा पायऱ्या चढून. खाली रस्त्याच्या बाजूला बाबांचा वाद्यदुरुस्तीचा कारखाना, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर, आणि मधोमध ही खोली. घरातली सगळ्यांत मोठी. दोन खिडक्या होत्या, पण त्यांचे जाड पडदे कित्येक वर्षांत कुणी सरकवले नव्हते, कारण उन्हाने वाद्यांचं रोगण उडतं.

या खोलीने घराला वळण लावलं होतं, असं म्हटलं तर ते फार चूक ठरू नये. भिंतीवर हवेतला दमटपणा दाखवणारी तबकडी होती. लग्न होऊन आल्यावर आठवड्याभरातच आई ती वाचायला शिकली. काटा उजवीकडे झुकला की भांड्यांवर झाकणं ठेवायची, ओले कपडे शेजारच्यांच्या गच्चीवर न्यायचे. डावीकडे झुकला की चार वाडग्यांत पाणी भरून खोलीच्या चार कोपऱ्यांत ठेवायचं, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. मुलं तापाने फणफणलेली असतानाही वाडगे चुकले नव्हते. त्या दिवशी ती भल्या सकाळी जिना उतरत होती ती वाडगे भरायलाच. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि अजून कुणी उच्चारलं नव्हतं.

ते धाकटीने उच्चारलं. ती स्वयंपाकघरातून सुपाचं पातेलं घेऊन आली, टेबलावर आदळलं, आणि म्हणाली, “दादा, तू कशाला घसा कोरडा करतोस? मी सकाळपासून सांगतेय, आईला मी नेते. माझ्याकडे लिफ्ट आहे. दोन तासांचा तर रस्ता. ज्या वाडग्यांसाठी ती पडली ते वाडगे ज्या खोलीत आहेत, तिथेच तिला निजवायची कशाला?”

“धाकटे!” थोरला म्हणाला.

“काय धाकटे? खोटं बोलले का? या घरात ओला रुमाल वाळत घालायची बंदी होती. मी उगाच नाही लाँड्री काढली.”

मामा हसले. आईचे धाकटे भाऊ, छापखान्यात जन्मभर खिळे जुळवून निवृत्त झालेले, मदतीला म्हणून आले होते आणि आल्यापासून बिस्किटांचा पुडा संपवत होते. “भावोजींचं घरच निराळं. लोकांकडे माणसांना सर्दी होते, यांच्याकडे लाकडाला.”

बाबाही हसले असते एरवी. त्यांनी सुपाचा चमचा उचलला आणि तसाच ठेवला.

थोरल्याने आपलं म्हणणं पुन्हा मांडलं. संगीतशाळेच्या मुख्याध्यापकांशी तो बोलला होता. त्यांच्याकडे वाद्यांसाठी बंद, हवा राखलेली खोली आहे. ते सगळी वाद्यं सांभाळायला घ्यायला तयार आहेत, मुलं ती वाजवतीलही. आज दोन खेपांत नेता येतील.

“मुलं वाजवतील,” बाबा म्हणाले. “घामट हातांनी.”

“मग वर ठेवू या का?” सूनबाईने हळूच विचारलं. थोरल्याच्या बायकोने या वादात आजवर तोंड उघडलं नव्हतं, म्हणून सगळे तिच्याकडे वळले. “म्हणजे आईंची खोली खाली आणि वाद्यं वर. नुसती अदलाबदल. बाबांना डोळ्यांसमोर तरी राहतील.”

“वर पत्रा तापतो गं,” बाबा लगेच म्हणाले. “आठ दिवसांत सांधे उकलतील.”

धाकटीने वडिलांकडे पाहिलं. तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला. “त्याच पत्र्याखाली आई चाळीस वर्षं झोपतेय, बाबा.”

मामांनीसुद्धा बिस्कीट चावायचं थांबवलं.

बाबा उठून खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. अंधारात नेहमीचा वास होता: सरस, रोगण, जुनं लाकूड. पत्रा तापतो हे त्यांना ठाऊक होतं. तेही त्याच पत्र्याखाली झोपत होते. पण त्यांना कधी उकडलं नव्हतं, कारण ती झोपेत असतानाच ते खाली यायचे. या खोलीतल्या आरामखुर्चीत रात्रीचा उरलेला भाग काढायचे. तिने कधी विचारलं नाही, कुठे होतात. त्यांनी कधी म्हटलं नाही, तूही चल. दुसरी आरामखुर्ची आणणं काही फार मोठं काम नव्हतं. सुचलं नाही. माणसाला काय काय सुचत नाही याची यादी करायला बसलं तर ती सरायची नाही.

दार उघडून ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात चेलो होता.

“ने,” ते थोरल्याला म्हणाले. “आधी हा मागच्या सीटवर आडवा ठेव. व्हायोलिनं पेट्यांत भरून देतो. तिला इथेच आणायची. याच खोलीत.”

मग मात्र झपाट्याने कामं झाली. सूनबाईने पेट्या पुसल्या, बाबांनी एकेक वाद्य रुमालात गुंडाळून पेटीत निजवलं, गज काढून ढिले केले. दोन खेपा झाल्या, आणि मधल्या वेळात आईसाठी पलंग आणून मांडला. धाकटीने पडदे काढले तेव्हा त्यांतून इतकी धूळ पडली की ती खोकत खोकत हसायला लागली. खोलीत ऊन आलं. भिंतीवर जिथे वाद्यं होती तिथे त्यांच्या आकाराचे फिकट डाग उरले होते.

एक खुंटी मात्र रिकामी नव्हती.

“हे राहिलं,” थोरला दुसऱ्या खेपेहून परत येऊन म्हणाला.

“ते राहू दे. ते तिचं आहे.” बाबांनी व्हायोलिनच्या बाजूवरून अंगठा फिरवला. “तिच्या वडिलांनी घेऊन दिलेलं. बाकीची मी जमवली. हे ती घेऊन आली होती. पलंगावरून तिला दिसेल असंच आहे.”

धाकटीच्या मनात सकाळपासून जे घट्ट होऊन बसलं होतं ते तेव्हा जरा सैल झालं. बाबा सगळं देतात आणि आईचं तेवढं ठेवतात, हे तिला अपेक्षित नव्हतं. ती दादाला म्हणाली, “असू दे रे. बरं दिसतं.” आणि बाबांसाठी खुर्ची आणून ठेवली.

मामा तेवढे अस्वस्थ झाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“भावोजी, तेही पाठवून द्या.”

“का?”

“द्या म्हणतो ना. ताईला विश्रांती हवी आहे. उगाच नजरेसमोर…”

“मामा, कोड्यात बोलू नका,” धाकटी म्हणाली.

मामा सूनबाईकडे पाहू लागले, जणू या घरात बाहेरून आलेली तेवढीच त्यांना समजून घेईल. “मी शब्द दिला होता तिला. पण आज ती इथे येऊन रोज हे बघणार असेल तर… भावोजी, थोरल्याच्या जन्माच्या वेळी ती बारा दिवस हॉस्पिटलात होती. आठवतं?”

“आठवतं की. त्याच बारा दिवसांत मी हे उघडलं.” बाबांच्या चेहऱ्यावर जुना अभिमान क्षणभर येऊन गेला. मुलांनी ही गोष्ट शंभरदा ऐकली होती. ते तेव्हा शिकाऊच होते. कुठल्याशा पुस्तकात जुन्या उस्तादांच्या वाद्यांच्या जाडीचे आकडे सापडले. बायकोच्या व्हायोलिनची वरची फळी त्या आकड्यांपेक्षा अर्धा मिलिमीटर जाड भरली. ती घरी यायच्या आत त्यांनी फळी सोडवली, अंगठ्याएवढ्या रंध्याने आतून तासली, पुन्हा बसवली. बाळ आणि नव्यासारखं व्हायोलिन, तिला दोन्ही भेटी एकदमच, असं काहीसं मनात होतं. “घरी आल्यावर वाजवलं तिने. म्हणाली, आवाज मोठा झाला.”

“हो. तुम्हाला ती तेवढंच म्हणाली.” मामांनी खाली पाहिलं. “त्या महिन्यात मी बाळाला बघायला आलो, तेव्हा स्वयंपाकघरात उभी राहून रडली. म्हणाली, माझं व्हायोलिन गेलं रे. आवाज मोठा झाला आणि आतलं सगळं गेलं. रिकाम्या डब्यासारखं वाजतं. यांना सांगू नकोस, बोट कापून घेतलंय यांनी त्यापायी.”

“आईने वाजवणं सोडलं ते आमच्यामुळे,” थोरला म्हणाला. “दोन मुलं, घर. ती स्वतःच म्हणायची.”

“म्हणायचीच. दुसरं काय म्हणणार?”

थोरल्याला वाटलं, लहानपणापासून पाठीवर असलेलं एक ओझं कुणीतरी उतरवलं, आणि ते बाबांच्या पाठीवर ठेवलं गेलं हे पाहून त्याला हलकंही वाटेना. त्याने बाबांना धरून खुर्चीत बसवलं. बाबा खुंटीकडे पाहत नव्हते. आपल्या डाव्या हाताच्या तर्जनीकडे पाहत होते.

“गिऱ्हाइकांना मी जन्मभर सांगत आलो,” ते म्हणाले, “लाकूड काढता येतं, घालता येत नाही.”

गाडीचा हॉर्न वाजला. चारला पाच कमी होते.

आईला चाकाच्या खुर्चीतून आत आणलं. दारातच तिने हात वर करून थांबवलं.

“अगंबाई. इतकं ऊन होतं होय या खोलीत?”

तीन आठवड्यांत ती बारीक झाली होती, पण डोळे तेच होते, आल्या आल्या तबकडी शोधणारे. तबकडी सूनबाईने काढून ठेवली होती. मग तिला फिकट डाग दिसले. मग खुंटी. मग नवरा, आणि त्याचा चेहरा पाहून तिने सरळ भावाकडे पाहिलं.

“बोललास ना?”

“ताई, मी आपलं…”

“काही सांगू नकोस. तुझ्या पोटात बिस्किटं राहतात, गोष्ट राहत नाही.” ती मुलांकडे वळली. “जा रे सगळे चहा टाका. मला यांच्याशी बोलायचं आहे.”

सगळे गेले. धाकटी दाराआड थांबली. तिच्याने पुढे जाववलं नाही.

बाबा पलंगाच्या कडेवर बसले होते, खुर्चीतल्या बायकोच्या समोर. पुष्कळ वर्षांनी ते असे समोरासमोर बसले होते. एरवी एकाच्या हातात काहीतरी काम असायचं.

“का नाही सांगितलंस?”

“तुमच्या बोटाला पट्टी होती. बारा दिवस धड जेवला नव्हतात. काय सांगणार होते, आणि कोणत्या तोंडाने? मग म्हटलं, महिन्याभराने सांगू. मग तुमचा जम बसत होता, कशाला मोडता घाला. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता नातवंडं शाळेत जायला लागली.”

“आणि मी येईल त्याला ती गोष्ट सांगत बसायचो.”

“हो. मी चहा घेऊन यायचे तेव्हा. ‘आवाज मोठा झाला’ म्हणून तुम्ही माझ्याकडे बघायचा, आणि मी मान डोलवायची.” तिला थोडं हसू आलं. “एकदा चहात मीठ घातलं होतं मी. मुद्दाम. तुम्हाला वाटलं, विसरले.”

बाबा पुढे झुकले. “अगं, दुरुस्त होतं ते. मी तेव्हा शिकाऊ होतो. आता येतं मला. आतून नव्या लाकडाचं अस्तर द्यायचं, जाडी होती तेवढी परत आणायची. दोन महिने लागतील. तू पडल्या पडल्या ऐकशील आणि सांगशील, तसतसं मी करत जाईन.”

तिने पटकन वर पाहिलं. दाराआडून धाकटीला तो चेहरा दिसला आणि ओळखू आला नाही. आईला काही हवं आहे, असा तो चेहरा होता.

“होईल? पहिल्यासारखं?”

“होईल. तू फक्त सांग, कसा आवाज हवा.”

“पहिला होता तसा.” ती थांबली. “पण तो कसा होता हो? मला आता आठवत नाही. खूप आठवून पाहते, हॉस्पिटलात तर रोज. नुसता डब्याचाच आवाज येतो. तुम्हाला आठवत असेल. तुमचा कान तसा आहे.”

बाबा उठले आणि कारखान्यात गेले. वाद्य उघडण्यापूर्वी त्याचा आवाज कसा आहे ते चार ओळींत लिहून ठेवायचं, हा त्यांचा पहिल्या दिवसापासूनचा नेम होता. बावीस वह्या होत्या. कुणा बँडवाल्याचं, कुणा शिक्षिकेचं, भंगारात सापडलेलं: सगळ्यांचे आवाज लिहिलेले. ते पहिली वही घेऊन परत आले आणि उभ्या उभ्या पानं उलटू लागले. थोरल्याच्या जन्माचा महिना सापडला. आधीचं गिऱ्हाईक होतं, नंतरचंही होतं. त्यांनी पान नखाने उचकटून पाहिलं, दोन चिकटलीत की काय.

“घरचं होतं,” ते शेवटी म्हणाले. “घरचं म्हणून लिहिलं नाही.”

“असू दे. आठवून सांगा.”

त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटलेले ठेवले. त्यांना तिची हनुवटी आठवली, बाकावर टेकलेला पाय आठवला, फळीवरची रेष न् रेष आठवली. आवाजाच्या जागी मात्र एकच शब्द होता, आकड्यांचं पुस्तक हातात धरून तरुणपणी त्यांनीच मनाशी ठरवलेला. दुसरा काही सापडेना, आणि ती वाट पाहत होती.

“जरा… बद्द होता,” ते म्हणाले.

आईने मान हलवली, एकदाच. मग गुडघ्यांवरची शाल नीट केली.

“धाकटे, दाराआड आहेस ना? ये आत. तुझी गाडी आहे का बाहेर?”

“आहे.”

“मग मी येते तुझ्याकडे. हाड जुळेपर्यंत.”

“अगं, खोली रिकामी केली,” बाबा म्हणाले. त्यांनी हाताने सगळीकडे दाखवलं, तिला दिसली नसेल असं वाटल्यासारखं. “सगळी वाद्यं दिली.”

“बघितलं मी. छान दिसतेय खोली.”

“रागावलीस?”

“तेव्हा रागावायला हवं होतं, ते राहूनच गेलं. आता नाही राग.” तिने त्यांचा हात धरला, ती तर्जनी आपल्या मुठीत घेतली. “पण इथे पडून मी त्या खुंटीकडे बघणार, आणि तुम्ही माझ्याकडे. आता हिला बरं वाटलं का, आता हिने मनातून काढलं का, म्हणून. तेवढं मला आत्ता झेपणार नाही हो. वेळेवर जेवा. सूनबाई डबा पाठवेल, तो कामात विसरू नका.”

थोरल्याने काही बोलायला तोंड उघडलं, पण सूनबाईने त्याच्या दंडाला हात लावला. तीच मग आईंची पिशवी घेऊन बाहेर गेली. मामा ओसरीत उभे होते, ते बाबांना म्हणाले, “भावोजी, मी बोलायला नको होतं.” बाबा म्हणाले, “तुम्ही फार उशिरा बोललात,” आणि त्यात राग नव्हता.

लाँड्रीच्या गाडीत पुढची सीट पार मागे पाडून, खाली धुतलेल्या चादरींचे गठ्ठे रचून आईला आरामात निजवलं. बाबांनी दार लावलं, नीट लागलं की नाही ते दोनदा ओढून पाहिलं. काचेतून ते काहीतरी म्हणाले, पण धाकटीने इंजिन सुरू केलं होतं.

पहिले दोन रस्ते मागे पडले. मग धाकटीला बारीक गुणगुण ऐकू आली. आईला गुणगुणताना तिने कधी ऐकलं नव्हतं. एक लांब सूर, मग तोच थोडा खाली.

“असा नव्हता,” आई स्वतःशीच म्हणाली आणि पुन्हा धरला. या खेपेला ओठ मिटून, घशाच्या आतून. धाकटीने गाडीचा वेग कमी केला. मागच्या टॅक्सीवाल्याने हॉर्न मारला, तरी तिने पुढे काढली नाही.

सूर थांबला.

“होता गं,” आई म्हणाली. “जरा बद्दच होता. चुकीचं नाही सांगितलं त्यांनी.” तिने डोळे पुसले. “दिव्यावर कागदाची टोपी घालतात ना, तसा. मला तसाच आवडायचा.”

“मग त्यांना सांगायला हवं आई. हेच तर हवंय त्यांना दुरुस्तीला. पुढच्या चौकात वळता येतं.”

चौक लांबून दिसत होता, डावीकडे औषधाचं दुकान, उजवीकडे वळायची पांढरी खूण. धाकटीने उजवा दिवा लावला. तो टकटक करत राहिला. तिने आईकडे पाहिलं. आईने हात उचलला होता, काचेवर ठेवायला किंवा काही म्हणायला, ते धाकटीला नीट कळलं नाही; मग तो परत शालीत गेला.

“सरळ चल,” आई म्हणाली.

धाकटीने दिवा बंद केला.